जुन्या गाडीचा ब्लोअर वाजतोय? मोटर बदलायच्या आधी हे करून बघा

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की आपल्याकडे ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डमागून हीटर-एसीची हवा ढकलणारा पंखा आणि त्याची मोटर, वाजायला लागतोच, आणि तो वाजतोय हे बहुतेकांच्या वर्षातून दोनदाच लक्षात येतं. एकदा डिसेंबर-जानेवारीत पहाटे पहाटे लग्नाला नाहीतर दवाखान्यात निघताना काच धूसर होते म्हणून हीटर लावला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा मार्चमध्ये एसीचं बटण दाबलं तेव्हा. मधल्या काळात काचा खाली असतात, रस्त्याचा आवाज असतो, कोण लक्ष देतंय. मग मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो, ब्लोअर चारवर ठेवल्याशिवाय गाडीत बसवत नाही आणि चारवर ठेवला की डॅशबोर्डमधून असा खडखडाट सुटतो की शेजारी बसलेल्याला फोनवर बोलता येत नाही.

गॅरेजला नेली तर उत्तर ठरलेलं, "मोटर गेली भाऊ, नवी टाकू." कधी कधी खरंच गेलेली असते, नाही म्हणत नाही. पण माझं स्पष्ट मत असंय की आपल्या भागातल्या गाड्यांत मोटर मरायच्या खूप आधी तिच्या पंख्यात काहीतरी शिरलेलं असतं, कडुलिंबाची पानं, धूळ, कापूस, उंदराचा संसार, आणि तेवढं काढलं की तीच मोटर अजून दोन-चार उन्हाळे चालते. म्हणून पंखा डोळ्याने बघितल्याशिवाय नवी मोटर घेऊ नका, एवढंच मला सांगायचंय, आणि तो कसा बघायचा ते खाली सगळं लिहितो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. हीटरचा पंखा वेगळा आणि एसीचा वेगळा असं काही नसतं. एकच ब्लोअर असतो. तो हवा ढकलतो, ती हवा एसी चालू असेल तर कूलिंग कॉइलमधून जाते आणि हीटर चालू असेल तर इंजिनाचं गरम पाणी फिरणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून जाते. त्यामुळे हीटर लावल्यावर आवाज येतो पण एसीत येत नाही असं कोणी म्हणालं तर तो बहुतेक वेगवेगळ्या स्पीडवर ऐकत असतो, नाहीतर आवाज ब्लोअरचा नसतोच.

आधी नुसतं ऐकायचं, पाना हातात घ्यायचा नाही

गाडी सावलीत, शांत जागी लावा, काचा वर करा. चावी ऑनवर, इंजिन बंद, एसी बंद. आता ब्लोअर एकवर, मग दोनवर, तीनवर, चारवर. प्रत्येक ठिकाणी जरा थांबून कान द्यायचा. इंजिन बंद ठेवायचं कारण सरळ आहे, आवाज इंजिनाबरोबर वाढतो का ब्लोअरच्या स्पीडबरोबर वाढतो हे पहिलं कळलं पाहिजे. रेस दिली की वाढतो आणि ब्लोअर बंद केला तरी येतो, तर मग तो पट्टा, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, एखादी पुली यांच्यापैकी कोणीतरी आहे, डॅशबोर्ड खोलून उपयोग नाही. पाच-दहा मिनिटांत हे आटपा, जुन्या बॅटरीवर ब्लोअर चालू ठेवून गप्पा मारत बसलात तर नंतर धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

एक नंबरच्या स्पीडला जास्त महत्त्व द्या. चारवर हवेचाच एवढा आवाज असतो की बारीक टिकटिक त्यात बुडून जाते. एकवर सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखा टिक-टिक-टिक येत असेल आणि स्पीड वाढवला की तो टर्रर्र होत असेल तर पंख्याच्या पात्यांना काहीतरी घासतंय, पान, कागद, काडी, नाहीतर आतला सुटलेला फोम. हा सगळ्यात स्वस्तातला आवाज, देव पावला म्हणायचं.

खालच्या स्पीडला ठीक आणि तीन-चारवर सगळा डॅशबोर्ड थरथरतो, घर्रर्र होतं, तर पंखा बॅलन्समध्ये नाही. एखादं पातं तुटलंय किंवा एका बाजूला धुळीचा थर जास्त झालाय. धुळीचं हे बऱ्याच जणांना पटत नाही. पण पंख्याच्या आतल्या बाजूला पात्यापात्यात करडी, मऊ, नमद्यासारखी धूळ बसते, ती सगळीकडे सारखी बसते तोवर आवाज नसतो, आणि मग एखाद्या दिवशी खड्ड्यात गाडी आदळली की एका बाजूचा तुकडा गळून पडतो. त्या क्षणापासून पंखा हलायला लागतो. म्हणून "काल तर बरा होता" ही तक्रार खरी असू शकते.

किंचाळल्यासारखा, चिर्र-चिर्र, कुईं-कुईं असा आवाज आणि तोही थंडीत सकाळी गाडी काढल्यावर जास्त, दहा मिनिटांनी कमी, हा कोरड्या बुशचा आवाज. मोटरच्या दांड्याला वर-खाली दोन बुश असतात, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्या, त्यात कंपनीतूनच तेल मुरवलेलं असतं, वर्षानुवर्षं धूळ आणि उष्णता खाऊन ते तेल संपतं. वळणावर आवाज बदलत असेल, म्हणजे डावीकडे वळलं की बंद आणि सरळ झालं की चालू, तर बुश झिजून दांडा आत खेळतोय, किंवा मग एखादी सुटी वस्तू आत इकडून तिकडे लोळतेय.

अजून दोन-तीन आवाज असे आहेत की ज्यांच्यासाठी लोक उगाच ब्लोअर काढतात. वळताना डॅशबोर्डमधून पाणी डचमळल्याचा आवाज आला आणि एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थेंब पडत नाहीत, तर एसीच्या पाण्याची ड्रेनची नळी तुंबलीय, डाव्या पायाखालचं मॅट हात लावून बघा, ओलं लागेल. हीटर लावल्यावर बुडबुडे फुटल्यासारखं गुडगुड होतंय तर कूलंट कमी आहे नाहीतर त्यात हवा अडकलीय, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर लेव्हल बघा. एसी बंद केल्यावर थोडा वेळ सूऽऽ येतो तो गॅसचा, त्याकडे लक्ष देऊ नका.

आता बटणांचा एक खेळ करा. आतली हवा-बाहेरची हवा हे जे बटण किंवा खटका असतो, गाडीच्या चित्रात बाण असलेला, तो इकडून तिकडे करून बघा. बाहेरच्या हवेवर आवाज किंवा फडफड जास्त आणि आतल्या हवेवर कमी, तर कचरा वायपरखालच्या जाळीपासून ब्लोअरपर्यंतच्या वाटेत कुठंतरी असायची शक्यता मोठी. आवाज दोन्हीकडे सारखाच असेल तर पंखा किंवा मोटर. आणि हवा पायाकडे, तोंडाकडे, काचेकडे फिरवताना टकटक होत असेल तर ती आतली झडप आहे, ब्लोअर नाही.

वासही घ्या, हसू नका. जळका वास आला की लगेच बंद आणि उघडून बघेपर्यंत परत लावायचा नाही. उंदराच्या मुताचा तो उग्र वास आला तर आवाजाचं कारण वेगळं शोधायची गरज उरत नाही.

उंदीर, कापूस आणि आपली पार्किंग

हा विषय बाहेरच्या लेखात नसतो पण आपल्याकडे हाच मुख्य आहे. दिवाळीच्या आसपास कापूस घरात यायला लागतो, भाव वाढेल म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत खोलीत, ओट्यावर, पडवीत ढीग पडलेला असतो, बाजूलाच दादरीची (रब्बी ज्वारीची) नाहीतर गव्हाची पोती, आणि त्याच पडवीच्या कडेला गाडी. उंदराला अजून काय पाहिजे. बोनेटखालून तो वायपरखालच्या पोकळीत जातो, तिथून बाहेरच्या हवेच्या वाटेने सरळ ब्लोअरच्या घरात, म्हणजे पंख्याभोवतीच्या खोक्यात, आणि तिथं अंधार, ऊब, कोणी त्रास द्यायला नाही. मी बघितलेल्या एका घरट्यात सरकीसकट कापूस होता, शेंगांची टरफलं होती, बोनेटच्या आतल्या नमद्याचे कुरतडलेले तुकडे होते आणि चक्क पेट्रोल पंपाची पावती होती, तारीख वाचता येत होती. आमच्याकडचा ऑटो इलेक्ट्रिकवाला तर कानानेच ओळखतो, दार उघडून नुसतं ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, तुन्हा ब्लोअरमा उंदीरनी घर करेल शे."

यात गंमत एवढीच नाही. ब्लोअरच्या पुढेच हवेच्या वाटेत रेझिस्टन्स बसवलेला असतो, ज्याने एक-दोन-तीन स्पीड होतात, आणि तो चालताना चांगलाच तापतो, हवेत बसवलाय तो थंड राहावा म्हणूनच. त्याच्याजवळ कापूस साचला तर धूर निघायला वेळ लागत नाही. म्हणून घरट्याचा संशय असेल तर "चालतोय तोवर चालवू" करू नका.

उघडायच्या आधी वरची सफाई

बोनेट उघडा आणि वायपरच्या खाली प्लास्टिकची जाळी असते ती बघा. कडुलिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर नक्की. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब झडतो आणि त्याची ती बारीक पानं त्या जाळीच्या फटीतून आरामात आत जातात, मग मागून बारीक फुलांचा सडा पडतो तोही जातो. मोठी पानं हाताने काढा, फटीतली ब्रशने किंवा व्हॅक्यूमने. हवा मारायच्या पाइपने बाहेरून जोरात फुंकू नका, सगळा कचरा अजून आत ब्लोअरवर जाऊन बसतो. जमलं तर जाळीच काढा, वायपरचे आर्म, दोन-चार स्क्रू आणि क्लिपा, पण वायपर काढण्याआधी काचेवर ते कुठं थांबतात तिथं टेपने खूण करा. जुनं प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, क्लिप ओढली की तुटते, त्या क्लिपा सुट्या मिळतात, दोन-चार आणूनच ठेवा.

त्या पोकळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात, ती मोकळी करा आणि तांब्याभर पाणी ओतून खाली पडतंय का बघा. ती तुंबली की पावसाळ्यात पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं, आणि मोटरचा बुश गंजायला तेवढं पुरतं.

गाडीला केबिन फिल्टर असेल तर तोही आत्ताच काढून बघा. बहुतेक वेळा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांना तो नसतोच, त्यामुळे नाही सापडला तर घाबरू नका. फिल्टर गच्च भरला की ब्लोअर नुसता घुमतो, आवाज मोठा आणि हवा कमी, आणि लोक म्हणतात मोटर कमजोर झाली. धुळे-जळगाव हायवेवर रोज येणं-जाणं असणाऱ्यांनी पुस्तकात लिहिलेल्या मुदतीची वाट न बघता फिल्टर उन्हाळा लागायच्या आधी आणि दिवाळीनंतर बघावाच.

एवढं करून परत एकदा ऐका. आवाज गेला असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

मोटर बाहेर काढणे

सामान फार नाही लागत. स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक आखूड आणि एक लांब, ८ आणि १० ची गोटी (सॉकेट पाना), छोटा टॉर्च किंवा डोक्याला लावायची बॅटरी, जुना टूथब्रश, रंगाचा मऊ ब्रश, मास्क, रबरी हातमोजे, आणि स्क्रू ठेवायला वाटी. मोबाइल जवळ ठेवा, प्रत्येक स्टेपला फोटो काढा, जोडताना कोणती वायर कुठून आली होती हे आठवत नाही म्हणजे नाहीच.

चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. गाडीतल्या जुन्या म्युझिक टेपला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. डाव्या बाजूला एअरबॅग असेल तर टर्मिनल काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि पिवळ्या रंगाचे कपलर (वायरी जोडायचे प्लग) किंवा पिवळी वायर दिसली की तिला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची असते. त्याच्या वाटेत काम येतंय असं वाटलं तर गुपचूप परत लावा आणि जाणकाराकडे न्या, इथं हौस नको.

आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. डावी सीट पूर्ण मागे करा, पायाखालचं मॅट काढा, खाली आडवं होऊन वर बघा. गोल, ताटलीएवढा प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा तळ दिसेल, मधे डब्यासारखा फुगवटा आणि दोन वायरींचा कपलर. तीच मोटर. काही गाड्यांत ती खालून तशीच हाताला लागते, काहींत ग्लोव्ह बॉक्स काढावा लागतो. ग्लोव्ह बॉक्स काही ठिकाणी दोन्ही बाजू आत दाबल्या की खाली लोंबतो, काही ठिकाणी खालचे स्क्रू काढावे लागतात. मागे कधी कधी एक पत्र्याची पट्टी आडवी असते, तीही काढा.

कपलर काढताना वायर ओढायची नाही, खटका दाबून कपलर धरून ओढा. आणि तो कपलर उजेडात नीट बघा. काळा पडलाय, वितळलाय, पिनेजवळ प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालंय, तर आवाजाबरोबर दुसराही रोग आहे, त्यावर पुढे येतो. मोटरच्या तळाला एक बारीक रबरी नळी आली असेल तर ती मोटरला थंड ठेवायची हवा आणते, ती सोडा आणि परत लावायची आठवण म्हणून तिचा फोटो काढा. मग तळाचे तीन किंवा कमी-जास्त स्क्रू. शेवटचा स्क्रू काढताना एका हाताने मोटर खालून धरा, नाहीतर ती कचऱ्यासकट तोंडावर येते. खाली पेपर अंथरलेला असू द्या. पंखा वर सरळ उभा आत असतो म्हणून मोटर तिरकी न ओढता सरळ खाली आणायची, पुरेशी जागा नसेल तर जरा फिरवून बघा, पातं वाकवून काढू नका.

सफाई

घरटं असेल किंवा लेंड्या दिसल्या तर मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय हात घालू नका, आणि कोरडी धूळ झटकू नका, फुंकर मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोसारखे आजार होतात. फिनाइलचं किंवा ब्लीचचं पातळ पाणी स्प्रेने मारून ओलं करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने उचलून पिशवीत बांधून टाका. स्प्रे ब्लोअरच्या घराच्या आत मारायचा, मोटरवर नाही, आणि रेझिस्टन्सच्या कपलरवर नाही. हात आत घालून हवेच्या घराच्या कोपऱ्यातलंही काढा, नाहीतर जोडल्यावर पहिल्याच फेरीत परत तोच टिकटिक.

पंखा म्हणजे उभ्या पात्यांचा गोल पिंजरा. पात्यांमधली धूळ टूथब्रशने एकेक फटीतून काढायची, कंटाळवाणं आहे पण सगळीकडे सारखं झालं पाहिजे, अर्धं केलं तर आवाज वाढेल. एखाद्या पात्याला बारीक पत्र्याची क्लिप लावलेली दिसली तर तो कचरा नाही, ती कंपनीने बॅलन्ससाठी लावलेली असते, ती तिथंच राहू द्या. पाण्याच्या धारेखाली मोटर धरायची नाही. पंखा सहज निघत असेल तर वेगळा करून साबणाने धुवा, पण काढण्याआधी तो दांड्यावर कुठपर्यंत बसलाय त्याची मार्करने खूण करा, एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी घरात घासतो. क्लिप किंवा नट काढूनही निघत नसेल तर हिसके देऊ नका, हब तडकतो आणि मग पंखाही नवा शोधत फिरावं लागतं.

पात्यांना तडा आहे का तेही आत्ताच बघा, दोन-तीन पाती तुटलेली असतील तर चिकटवायच्या भानगडीत पडू नका. फेविक्विकने चिकटवलेलं पातं चारच्या स्पीडला टिकत नाही.

घराच्या आत झडपांना लावलेला काळा फोम असतो, तो या वयाच्या गाडीत बोटाला लागला तरी भुगा होतो. लोंबणारा फोम काढून टाका, आणि जमलं तर हार्डवेअरमध्ये मिळणारी चिकट फोमची पट्टी लावा.

बुश आणि तेल

आता मोटर हातात धरून पंखा बोटाने फिरवा. दोन-चार फेरे फिरून हळूच थांबला पाहिजे. अडखळत, करकरत थांबत असेल तर बुश कोरडे किंवा आत कार्बनची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज देणाऱ्या तुकड्यांची, पूड. मग पंखा धरून आडवा हलवा. वर-खाली किंचित हालचाल असते, ती चालते, पण आडवा टकटक हलत असेल तर बुश गोलातला लंबगोल झालाय आणि तेलाने तो परत गोल होत नाही.

फक्त कोरडा असेल तर शिलाई मशीनचं तेल. इंजेक्शनच्या सिरिंजने पंख्याच्या खाली दांडा जिथं मोटरमध्ये जातो तिथं एक-दोन थेंब, मोटर उभी धरून दहा मिनिटं मुरू द्या, मग उलटी करून दुसऱ्या टोकाच्या बुशला पोहोचता येत असेल तर तिथंही तेवढंच. वरचं तेल पुसून घ्या. जास्त तेल म्हणजे जास्त आराम असं नाही, जास्तीचं तेल ओघळून कार्बनवर जातं, त्यात कार्बनची पूड मिसळून काळा चिखल होतो आणि धड चालणारी मोटर अडकायला लागते. डब्यातून फवारायचे ते गंज सोडवणारे स्प्रे इथं वापरू नका, ते दोन दिवस आवाज बंद करतात आणि उरलंसुरलं जुनं तेलही धुऊन नेतात. मोटरला बुशऐवजी सीलबंद बेअरिंग असेल तर बाहेरून तेल आत जातच नाही, ते बेअरिंगच बदलावं लागतं.

तेल हा कायमचा इलाज नाही हे धरूनच चाला. एखादा सीझन निघतो, कधी जास्त.

आपल्याकडे एक सोय मात्र चांगली आहे, गावोगाव विहिरीच्या मोटरी भरणारे रिवाइंडिंगवाले आहेत. त्यातला एखादा जुना कारागीर छोट्या १२ व्होल्टच्या मोटरला हात लावायला तयार असेल तर बुश लेथवर बनवून देतो, कार्बन बदलून देतो, कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो भाग, साफ करून देतो. जी मोटर मधेच बंद पडते आणि खालून टपली मारली की चालू होते, तिचे कार्बन झिजलेले असतात, हे काम त्याचंच. बाजारात मोटर मिळत नाही अशा गाडीसाठी तर हा रस्ता सोन्याचा आहे.

बाहेरच चालवून बघा

जोडण्याआधी मोटर बाहेर चालवून बघायची. बॅटरीवरून दोन वायरी, मधे फ्यूज घातलेला पाहिजेच, मोटर घट्ट धरायची कारण चालू होताना ती हातात हिसका देते, आणि बोटं, गळ्यातला रुमाल, शर्टची बाही पात्यांपासून लांब. वायर आधी मोटरला जोडा आणि मग बॅटरीला, ठिणगी उडतेच. इथं आवाज नसेल आणि गाडीत बसवल्यावर आला तर मोटर निर्दोष आहे, पंखा घरात घासतोय किंवा अजून आत काही राहिलंय.

उलट वायर लावली तर मोटर उलटी फिरते आणि या जाळीच्या पंख्याची गंमत अशी की उलटा फिरला तरी हवा देतो, फक्त खूप कमी. बाहेरून आणलेली मोटर बसवल्यावर "आवाज गेला पण हवा नाही येत" असं झालं तर आधी हे तपासा.

आता तो काळा कपलर. जुनी, घट्ट फिरणारी मोटर जास्त करंट ओढते, चारवर चांगली मोटरसुद्धा बऱ्यापैकी ओढते, आणि पीन सैल असेल तर तिथं उष्णता होते. अशा वेळी फक्त मोटर बदलून जुना वितळलेला कपलर तसाच ठेवू नका, नवा कपलर वायरच्या तुकड्यासकट मिळतो, तो चांगला जोडून घ्या. फ्यूज उडत असेल तर फ्यूजबॉक्सच्या झाकणावर जेवढा लिहिलाय तेवढाच टाका, वरचा टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळते. आणि एक-दोन-तीन स्पीड बंद, फक्त चार चालतो, हे मोटरचं दुखणं नाही, रेझिस्टन्स गेलाय, कारण चारवर करंट त्याच्यातून जातच नाही.

जोडताना उलट्या क्रमाने, रबरी नळी, मग कपलर. स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळा, एकच आधी गच्च केला तर मोटर तिरकी बसते आणि पंखा घासतो. ग्लोव्ह बॉक्स लावायच्या आधी चारही स्पीडवर ऐकून घ्या.

परत होऊ नये म्हणून

गाडी लावताना खटका आतल्या हवेवर ठेवून मग इंजिन बंद करायची सवय लावा, बऱ्याच गाड्यांत त्याने बाहेरची वाट झडपेने बंद होते. वायपरखालच्या पोकळीतून ब्लोअरकडे जाणाऱ्या तोंडाला अर्ध्या सेंटिमीटरच्या भोकांची लोखंडी जाळी कापून बसवा, कडा दुमडून. मच्छरदाणीची जाळी नको, ती आठवड्यात धुळीने भरते आणि ब्लोअर उपाशी राहतो. विष ठेवू नका, उंदीर खाऊन आतच कुठंतरी मरतो आणि मग मे महिन्यात एसी लावल्यावर जो वास येतो त्यापुढे आवाज परवडला, पिंजरा लावा, तोही गाडीबाहेर. डांबराच्या गोळ्या हवेच्या वाटेत ठेवणारेही आहेत, ती वाफ दिवसभर तुमच्याच नाकात जाते.

आणि पावसाळ्यात वाजतो म्हणून ब्लोअर बंद ठेवून गाडी चालवणाऱ्यांनी कन्नड घाटात संध्याकाळच्या पावसात काच आतून धूसर झाली की काय होतं ते आठवावं. तिथं ब्लोअर काचेवर, एसी चालू, बाहेरची हवा, एवढं लागतंच.

नवी मोटर घ्यायचीच असेल तर

आडवी हलणारी, जळका वास येणारी, बाहेर साफ करूनही घरघरणारी मोटर बदला. मारुती ८०० बनायची २०१४ मध्ये बंद झाली तरी तिच्यासारख्या खपाच्या गाड्यांचे पार्ट मिळतात, पण जुनी मोटर सोबत घेऊन जा, कारण एकाच गाडीत वर्षाप्रमाणे एसीवाल्या मॉडेलची मोटर वेगळी, कपलर वेगळा, पंख्याची फिरण्याची दिशा वेगळी असू शकते. दुकानातच हाताने फिरवून बघा, पंखा डोळ्यांच्या रेषेत धरून तो डुलतोय का बघा. भंगारातली घेणार असाल तर बॅटरी लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

गॅरेजला काम दिलंत तर आधीच विचारून घ्या की डॅशबोर्ड उतरवणार आहात का. बहुतेक गाड्यांत ब्लोअरची मोटर खालून निघते, तिला काढायला एसीचा गॅस सोडावा लागत नाही, गॅस लागतो तो कूलिंग कॉइल काढायची असेल तेव्हा. बिलात गॅस दिसला तर का, ते त्याच्याकडून नीट समजून घ्या, आणि काढलेली जुनी मोटर मागून घरी आणा, तिचा पंखा धड असेल तर तोच पुढे कामी येतो.